खडकावरचे घुबड

१४ डिसेंबर, वाळपई

आज सलग चौथी संध्याकाळ गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या त्या कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, टोकाला, व्हाळाकाठी (ओढ्याकाठी), फोटोसाठी हुमा घुबडाची वाट पाहण्यात गेली. कुळागराच्या मालकांना, म्हणजे आमच्या काकांना, पाण्यातल्या एका काळ्या खडकावर सकाळी खेकड्यांच्या नांग्या आणि कवचांचे तुकडे दिसत आणि त्याचा आळ ते मुंगसावर घेत. परंतु त्याच खडकावर चुन्याचा हात फिरवल्यासारखी पांढरी शिट पाहून मला वेगळीच शंका आली होती.

हे घुबड मासे-खेकड्यांवर जगते. त्यामुळे त्याचे पाय पिसांविना उघडे असतात आणि इतर घुबडांचे उड्डाण निःशब्द करणारी पंखांच्या कडेची मऊ झालर त्याला जवळजवळ नसतेच; पाण्याखालच्या भक्ष्यापासून आवाज लपवायचा तरी कशाला? सव्वासहाच्या सुमारास ते आले, तेव्हा दिसण्याआधी मला त्याच्या पंखांचा आवाज ऐकू आला.

आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ६४००, शटर १/१५ सेकंद, कॅमेरा तिपाईवर. एवढ्या मंद शटरला पक्षी दगडासारखा स्थिर हवा आणि घुबड तसे बसतेही, पण त्याचे डोळे खोबणीत पक्के असल्यामुळे बाजूला पाहायचे तर त्याला सगळी मानच वळवावी लागते. पहिल्या फ्रेममध्ये नेमकी ती वळली. दुसरी बरी आली असावी. तिसरीच्या वेळी अंधार वाढला होता आणि कॅमेऱ्याचा फोकसला मदत करणारा दिवा, जो बंद करायला मी विसरलो होतो, आपोआप पेटला. त्याच्या छातीवर नारिंगी ठिपका उमटला, कानांवरचे तुरे ताठ झाले, पिवळे डोळे क्षणभर थेट माझ्यावर रोखले गेले, आणि खडक रिकामा झाला.

फ्लॅश वापरू नका म्हणून मी इतरांना ऐकवत असतो, हे आठवून लाज वाटली. गेल्या वर्षी मोलेच्या अभयारण्यात मोबाइलवर आवाज वाजवून मी एका जंगली पिंगळ्याला जवळ बोलावले होते. आपल्या हद्दीत दुसरा शिरला या समजुतीने तो, शिकार सोडून, बराच वेळ ओरडत राहिला. तो फोटो अगदी रेखीव आहे, पण मी तो कोणाला दाखवत नाही.

परतताना काकांनी अंगणात विचारले, "मिळाले का तुमचे ते?" तिन्हीसांजेला घुबडाचे नाव घेणे त्यांना आवडत नाही. मी दुसरी फ्रेम पडद्यावर मोठी करून दाखवली. उजव्या पंजाखाली खेकडा होता, एक नांगी अजून वर उगारलेली. काकांनी चष्मा सारखा केला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे मुंगसाला मी उगाच शिव्या घातल्या."

दिव्यावर आत्ताच काळी चिकटपट्टी लावली. आठवडाभर तरी त्या खडकाकडे जाणार नाही.