छत्तीस मार्चनंतरचा पहिला ३१ मार्च

बँकेत माझी ३६ वर्षं नोकरी झाली. त्यातला प्रत्येक मार्च क्लोजिंगचा, वर्षाचे हिशेब मिटवायचा. नागपुरात पळस ऐन याच दिवसांत फुलतो, दयाळ पक्षी याच दिवसांत पहाटे गायला लागतो, आणि मी हे सगळं ऑटोतून जाता-येता पाहिलं. गेल्या सप्टेंबरात निवृत्त झाले. म्हणून यंदाचा ३१ मार्च उजाडण्याआधीच ठरवून टाकलं होतं की हा दिवस शिंजिराचा.

शिंजीर म्हणजे सूर्यपक्षी. या दिवसांत जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या पिसाऱ्यात असतो. वीण संपली की तो बराचसा मादीसारखा दिसू लागतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा उरतो. म्हणजे फोटो काढायचा तर आत्ताच. तीन आठवडे मी खटपट करत होते आणि दरवेळी फोटोत काळा ठिपका यायचा. डोळ्यांना जांभळा-निळा लखलखताना दिसणारा पक्षी कॅमेऱ्यात कोळशासारखा का येतो, हे काही केल्या उमगत नव्हतं.

पावणेपाचला उठले. आधी बाग. उन्हाळ्यात पाणी सूर्य उगवायच्या आधीच घालायचं, ही माझ्या आईची शिस्त. दुपारी तापलेल्या कुंडीत पाणी ओतलं तर मुळं भाजतात, आणि उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी तर हात पोळेल इतकं कढत येतं. कुंड्यांवर वाळक्या पानांचा जाड थर टाकलाय, वर हिरवी नेट ताणलीय. मोगऱ्याला फेब्रुवारीत छाटून घेतलं होतं, त्याला आता कळ्या लागल्यात. मागच्या अंगणात बाबांनी लावलेली दोन संत्र्याची झाडं आहेत. मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात त्यांचं पाणी तोडून ताण द्यायचा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी फुलं येतात. बाबा कसे नेमाने द्यायचे! मला मात्र माना टाकलेली पानं बघवत नाहीत. यंदा मन घट्ट करणार आहे.

पक्ष्यांसाठी मातीची पसरट भांडी भरली. दोन बोटं खोल पाणी पुरतं, मधात एक दगड ठेवायचा, म्हणजे लहान पाखराला पाय टेकायला जागा होते.

पोर्चकडे मात्र हळू पावलांनी गेले. तिथल्या दिव्याच्या वायरीला शिंजिराच्या मादीने घरटं बांधलंय. मार्चच्या सुरुवातीला मी जाळ्या काढायचा झाडू घेऊन कोपरे साफ करत होते. तेव्हा ही मादी समोरच्या भिंतीवरचं कोळ्याचं जाळं चोचीने ओढून नेताना दिसली आणि झाडू तसाच ठेवून दिला. वाळकी पानं, सालीचे तुकडे, सगळं त्या जाळ्यांनीच बांधलेलं आहे. घरट्याच्या तोंडावर चक्क छोटंसं छज्जं काढलंय! बांधकाम एकट्या मादीचं, अंडी उबवणंही तिचंच. घरट्याचे फोटो काढायचे नाहीत, हे आमच्या घरात पक्कं झालंय. फार जवळ गेलं तर पाखरं घरटं सोडून देतात, आणि माणसाच्या घुटमळण्यावरून कावळ्यांना पत्ता लागतो. आमच्या ह्यांना तर मी मागच्या दाराने ये-जा करायला लावलीय.

साडेपाचला सायकल काढली. लक्ष्मीनगरहून शंकरनगर, लॉ कॉलेज चौक, रविनगर करत फुटाळा. पहाटेच्या गारव्यात हे अंतर कळतही नाही. फुटाळ्याच्या काठी वेडे राघू तारेवर ओळीने बसले होते. पुढे सेमिनरी हिल्सचा चढ लागतो. सुरुवातीला मी तो सायकल हातात धरून चढायचे. आता खालचा गिअर टाकून, मध्ये एकदा थांबून, बसूनच चढते. गुडघे कुरकुरतात, पण घाई केली नाही तर साथ देतात.

वर पळसाचा बहर उतरणीला लागला होता, तरी दोन-तीन झाडं अजून पेटलेली. त्यांच्यावर शिंजीर येतातच. मी कॅमेरा लावला, शटर १/२००० सेकंदावर ठेवलं, कारण हा पक्षी एका जागी क्षणभरही ठरत नाही. पन्नासेक फोटो काढले. सगळे काळे.

बाजूला एक कॉलेजातला मुलगा दुर्बीण घेऊन उभा होता. बराच वेळ पाहत असावा. जवळ येऊन म्हणाला, "काकू, राग नका मानू, पण पक्षी तुमच्या आणि सूर्याच्या मधात येऊन राहिला. सूर्य तुमच्या पाठीशी पाहिजे जी."

मग त्याने नीट समजावलं. शिंजिराच्या पिसांतला तो जांभळा-निळा झळाळ हा रंगद्रव्याचा नसतोच. पिसांची अतिसूक्ष्म रचना असते, तिच्यावरून प्रकाश परततो तेव्हा तो रंग तयार होतो. कोन बदलला की रंग जातो, खाली उरतं ते काळं. मी तीन आठवडे उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभी राहत होते, कारण तिकडून पळस सुंदर दिसतो.

तेवढ्यात वरून राखी धनेशाची जोडी गेली. मुलाने लगेच दाखवली. एप्रिल लागला की मादी ढोलीत शिरून स्वतःला कोंडून घेईल आणि नर फटीतून तिला उंबर-वडाची फळं भरवेल. आम्ही दोघंही मान वर करून पाहत राहिलो. फोटो काढायचं दोघांनाही सुचलं नाही.

आठला ऊन चटचटायला लागलं. वाटेत तर्री पोहे खाल्ले आणि नऊच्या आत घरी. बारा ते चार नागपुरात बाहेर पडायचं काम नाही. कूलरला वाळ्याच्या ताट्या कालच बसवल्यात, तो ओला वास खोलीभर होता. संगणकावर तीन आठवड्यांचे फोटो काढून बसले. प्रत्येक काळ्या फोटोत पक्ष्यामागे उजळ आकाश होतं. तीन फोटोंत मात्र गळ्यापाशी जांभळी रेघ चमकली होती. त्या तिन्हींमध्ये ऊन माझ्या पाठीकडून आलेलं दिसत होतं. इतके दिवस हे डोळ्यांसमोरच होतं.

आमची जास्वंद कंपाउंडच्या पूर्वेकडच्या भिंतीला आहे. म्हणजे संध्याकाळी सूर्य आपोआप पाठीशी. साडेपाचला खुर्ची टाकून बसले, घरट्यापासून लांब. नर आला. जास्वंदीत तो समोरून तोंड घालत नाही, फुलाच्या बुडाशी चोच खुपसून मध काढतो. पहिल्यांदा हललेला फोटो. दुसऱ्यांदा पानाआड. सव्वासहाच्या सुमारास उन्हं अगदी पिवळी झाली तेव्हा तो उघड्या फांदीवर बसला, पंख किंचित उचलले, आणि खांद्याखालचा पिवळा-केशरी झुबका दिसला. डोकं हिरवट निळं, गळा जांभळा, पाठीवर निळी झाक. मी बटण दाबूनच ठेवलं.

अकरा फोटो आले. दोन नीट आहेत. एकात डोळ्यात प्रकाशाचा ठिपकाही आलाय.

रात्री साडेदहाला बँकेतल्या सहकारी मुलीचा फोन आला. "ताई, टॅली झाली. निघतोय आता." मी तिला जेवून घे म्हटलं आणि फोटो पाठवला.

पोर्चमधला दिवा आजही लावला नाही. रस्त्यावरच्या उजेडात छज्ज्याखाली मादीची बाकदार चोच तेवढी दिसतेय.