वीस टक्क्यांची दुपार

प्रादेशिक हवामान केंद्रात अंदाज लिहिण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे, तरीही वसंत ऋतूतील सकाळची पाळी वाट्याला आली की मनावर थोडे दडपण असतेच. या दिवसांत जमीन झपाट्याने तापू लागलेली असते, पण पाच-सहा किलोमीटर उंचीवरच्या हवेतून हिवाळा अजून पुरता हललेला नसतो. खाली ऊब आणि दमटपणा, वर गारठा आणि वेगवान वारे, अशी मांडणी जुळली की एखाद्या दिवशी चार हलक्या सरी येऊन जातात आणि एखाद्या दिवशी अर्ध्या तासात गारांचा खच पडतो. सकाळ मात्र दोन्ही दिवसांची पुष्कळदा सारखीच दिसते.

त्या दिवशी पहाटेच्या फुग्याने पाठवलेला आलेख समोर आला तेव्हा त्यातील एक गोष्ट लगेच नजरेत भरली. जगभरातील केंद्रे दिवसातून दोनदा, ०० आणि १२ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) या ठरलेल्या वेळांच्या सुमारास, असे फुगे सोडतात आणि त्यांना टांगलेले रेडिओसाँड हे छोटे उपकरण तीसेक किलोमीटर उंचीपर्यंत तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याच्या नोंदी पाठवत राहते. आमच्या आलेखात जमिनीलगत भरपूर बाष्प होते, वर अस्थिर हवा होती, आणि या दोहोंच्या मध्ये, सुमारे दीड किलोमीटरवर, उबदार व कोरड्या हवेचा एक थर पसरलेला होता. या थराला आम्ही सरळ ‘झाकण’ म्हणतो. खालून वर निघालेली हवा या थरात आपल्याहून उष्ण हवेला भिडते, तिची उचल संपते आणि ढग वाढण्याआधीच विरतो. झाकण टिकले तर दिवस कोरडा जातो. पण ते उशिरा निघाले, तर दिवसभर खाली साठत गेलेली ऊर्जा एकदम वर उसळते.

अंदाज वर्तवणाऱ्या दोन संगणकीय मॉडेलांचे म्हणणे दोन टोकांचे होते. एकाने दुपारी तीनच्या सुमारास गडगडाटी ढगांची रांग दाखवली होती, तर दुसऱ्याने संपूर्ण विभाग कोरडा ठेवला होता. मी सकाळच्या अंदाजात ‘दुपारनंतर तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह सरी, काही भागांत गारपिटीची शक्यता’ असे लिहून ४० टक्के शक्यता नोंदवली.

दुपारी साडेबारा वाजता एका खुल्या मैदानावरील कार्यक्रमाच्या संयोजकांचा दूरध्वनी आला. “बाहेर तर लख्ख ऊन पडलंय, मग चाळीस टक्के म्हणजे नेमकं काय समजायचं?” मी त्यांना सांगितले की, याचा अर्थ चाळीस टक्के वेळ पाऊस पडेल असा नव्हे, अशाच परिस्थितीचे दहा दिवस घेतले, तर त्यांपैकी चार दिवशी तुमच्या जागी पाऊस होईल. उत्तर बरोबर होते, पण दूरध्वनी ठेवल्यावर मीही खिडकीबाहेर पाहिले. उपग्रहाच्या चित्रात विभागावर ढगाचा ठिपकाही नव्हता. एकच्या सुधारित अंदाजात मी ४० चे २० केले आणि गारपिटीचा उल्लेख काढून टाकला.

त्याच वेळी माझ्यासमोरच्या तक्त्यात दवबिंदू तापमान, म्हणजे हवेत बाष्प किती आहे हे सांगणारा आकडा, सकाळपासून १७ अंशांवर स्थिर होते. ऊन चढल्यावर वरची कोरडी हवा खाली मिसळू लागली असती, तर तो आकडा घसरायला हवा होता. तो घसरत नव्हता, म्हणजे बाष्पाचा थर चांगला जाड होता आणि झाकणाखाली सारे जसेच्या तसे साठत होते. मी तो आकडा वाचला होता. त्याचा विचार मात्र केला नाही.

पाचनंतर रडारवर विभागाच्या उत्तर सीमेबाहेरून एक बारीक, कमानीसारखी रेषा सरकताना दिसली. शेजारच्या विभागात एक वादळ येऊन विझले होते आणि त्यातून खाली कोसळलेली थंड हवा जमिनीलगत पसरत आमच्याकडे येत होती. अशा हवेच्या अग्रभागी धूळ आणि कीटक गोळा होतात आणि संवेदनशील रडारला ते पावसाशिवायही दिसतात. ज्येष्ठ सहकारी माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “मॅडम, झाकण उचलणारा आला.” सहा वाजून पाच मिनिटांनी त्या रेषेवर पहिला प्रतिध्वनी उमटला आणि वीस मिनिटांत तो ५५ डीबीझेडच्या (रडारच्या प्रतिध्वनीची तीव्रता मोजण्याचे एकक) वर गेला. इतकी तीव्रता दिसली की गारांचा संशय घ्यावाच लागतो. इशारा लिहिताना माझी बोटे चुकत होती.

इशारा बाहेर पडताच मी संयोजकांना स्वतः कळवले. त्यांनी प्रश्न न विचारता लोकांना लगतच्या पक्क्या इमारतीत हलवले. अर्ध्या तासाने मैदानावरचा मंडप आडवा झाला होता. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर आणखी तीस मिनिटे कोणाला बाहेर सोडू नका, हेही मी त्यांना दोनदा बजावले, कारण ऊन पडल्यासारखे दिसले की लोक बाहेर धावतात.

रात्री सहकारी समजूत काढू लागले. १९४८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळावर फक्त जोरदार वाऱ्यांचा अंदाज दिलेला असताना टोर्नेडो, म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत पोहोचणारा वाऱ्याचा प्रचंड भोवरा, आदळला होता, आणि पाचच दिवसांनी, २५ तारखेला, फॉबुश आणि मिलर या तिथल्याच अधिकाऱ्यांनी काही तास आधी दिलेला टोर्नेडोचा अंदाज खरा ठरला, ही आमच्या व्यवसायातील आवडती कथा त्यांनी पुन्हा सांगितली. शिवाय वीस टक्के म्हणजे दहांत दोन, तेव्हा एका दिवसावरून तो आकडा चूक ठरत नाही, असेही ते म्हणाले. गणित निर्विवाद होते, पण माझी खंत आकड्याची नव्हती. झाकणाखालचे आकाश निरभ्रच असणार, हे पहाटेच्या आलेखातून मला ठाऊक होते. दुपारी तेच आकाश मी वादळ न येण्याचा पुरावा म्हणून वापरले होते.

पाळी संपवताना मी नोंदवही उघडली. एक वाजताच्या बदलासमोर, ‘कारण’ या रकान्यात, माझ्याच अक्षरात दोन शब्द होते: ‘आकाश निरभ्र’. ते मी खोडले नाहीत. शेजारी त्या वेळचे दवबिंदू तापमान लिहिले आणि सही केली.