वॉशिंग मशीनच्या पुस्तिकेतला ‘रन’ फ्रेंचमध्ये नेताना

वॉशिंग मशीनची इंग्रजी माहितीपुस्तिका फ्रेंचमध्ये करायला घेतली की ‘रन’ हे क्रियापद पानोपानी भेटतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात याचे ६०० हून जास्त अर्थ दिलेत, त्यातले सात-आठ पुस्तिकेत हमखास येतात. फ्रेंचच्या वर्गात पहिल्यांदा शिकलेलं ‘कुरीर’, म्हणजे पळणे, इथे जवळजवळ कुठेच बसत नाही.

म्हणून मी आधी शेजारचं नाम बघतो आणि वाक्य मनात मराठीत म्हणून घेतो. मराठीत हे ‘रन’ आपोआप वेगवेगळं होतं: मशीन चालतं, पाणी वाहतं, कपड्याचा रंग जातो, वायर गालिच्याखालून जाते.

‘मशीन रिकामं चालवा’ याला ‘फेर तुर्ने ला माशीन आ व्हीद’. तुर्ने म्हणजे फिरणे; फेर लावलं की फिरवणे, चालवणे. हे फेर गाळलं तर वाक्याचा अर्थ ‘मशीन वळवा’ असा होतो, आणि वाचणारा मशीनचं तोंड भिंतीकडे करायला जाईल. पाण्यासाठी ‘लेसे कुले’, वाहू द्या.

मराठीचा आधार एका ठिकाणी मात्र फसवतो. आपलं ‘चालणे’ही फार पसरट आहे. पंप दोन मिनिटं चालतो तेव्हा तो काम करत असतो, म्हणून ‘फोंक्सिओने’. धुलाई ९० मिनिटं चालते तेव्हा विषय वेळेचा, म्हणून ‘द्युरे’. ‘मार्शे’ आपल्या चालण्याच्या अगदी जवळचं आहे, ‘सा मार्श’ हे तर थेट आपलं ‘चालेल’; पण ते बोलण्यातलं, छापील पुस्तिकेत मी फोंक्सिओनेच ठेवतो.

रंग जाण्याला ‘देतँद्र’. नुसतं लिहिलं तर कापड फिकं पडतं एवढंही वाचलं जाऊ शकतं. गडद कपड्याचा रंग पांढऱ्याला लागतो हे सांगायचं असेल तर पुढे ‘स्युर’ लावून कशावर ते लिहावंच लागतं. केबलला ‘फेर पासे’, म्हणजे जाऊ देणे, नेणे; पण दाराच्या रबरी कडेवरून बोट फिरवायचं असेल तर फेर नको, नुसतं ‘पासे ल द्वा’.

सगळ्यात धोकादायक आहे ‘रन आउट’. पावडर संपली असेल तर: ‘सिल न्या प्ल्यू द लेसीव्ह’. यातला नकाराचा ‘न’ बोलताना बरेच फ्रेंच लोक गाळतात. तो छापताना गळला तर तेच ‘प्ल्यू’ ‘जास्त’ या अर्थानेही वाचता येतं, कारण दोन्हींचं स्पेलिंग एकच. पावडर संपल्याची सूचना पावडर जास्त झाल्याची होते!

पाणी पाइपमधून ‘रन आउट’ होतं तिथे गोष्ट निराळी. इंग्रजीत गती क्रियापदात आणि दिशा शेपटाला असते. फ्रेंच दिशा क्रियापदात घेते: ‘लो सोर’, पाणी बाहेर पडतं. गती सांगायचीच असेल तर ती मागून जोडायची, जशी आपण ‘धावत बाहेर पडला’मध्ये जोडतो. विने आणि दार्बेलने या भाषातज्ज्ञांनी १९५८ मध्ये या अदलाबदलीला ‘शासे-क्रवाझे’ म्हटलं. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही, फक्त इंग्रजी वाक्य डोळ्यासमोरून हटवावं लागतं.

आणि शेवटच्या पानावर, वॉरंटीत, ‘कुरीर’ येतं! खरेदीच्या तारखेपासून मुदत ‘कूर’, सुरू होऊन चालू राहते. भविष्यकाळ लिहिला तर ‘कुर्रा’त दोन ‘र’ हवेत.

राहतं ते पॅनलवरचं एकटं ‘रन’. अनुवादाचं सॉफ्टवेअर आधीचा शब्द उचलून तिथे आपोआप भरतं, आणि तो चुकीचा असण्याची शक्यता मोठी. बटण असेल तर ‘देपार’, म्हणजे सुरुवात; स्थिती दाखवणारा दिवा असेल तर ‘आँ कूर’, म्हणजे चालू आहे. पॅनलचा फोटो मागवल्याशिवाय मी ती ओळ पुढे पाठवत नाही.