झोक्याखालची जमीन

नाशिकमधील आमच्या पाथर्डी फाट्याजवळच्या कॉलनीतील ओपन स्पेस सुधारायचे ठरले, तेव्हा रहिवाशांच्या पहिल्या बैठकीत सगळी चर्चा कोणती खेळणी आणायची आणि त्यांना कोणता रंग द्यायचा, याभोवतीच फिरत राहिली. माझे म्हणणे वेगळे होते आणि काम बरेचसे मार्गी लागल्यावर ते अधिकच पक्के झाले आहे. मुलांच्या जागेत पहिला खर्च खेळण्यांखालच्या जमिनीवर आणि डोक्यावरच्या सावलीवर व्हायला हवा.

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते आणि जुन्या वसाहतींतही अशा जागा आहेतच. मात्र नकाशावर मोकळ्या दिसणाऱ्या आमच्या जागेत एका कोपऱ्यात मंडपाचे बांबू होते, दुसऱ्यात कोणाच्या तरी घरदुरुस्तीचा राडारोडा होता आणि झोक्याखाली चक्क पेव्हर ब्लॉक बसवलेले होते. ब्लॉक दिसायला नीटनेटके असतात, झाडायलाही सोपे जातात. पण झोक्यावरून पडणाऱ्या मुलाच्या डोक्याचा विचार ते बसवताना कोणीच केलेला नसतो.

रीतसर अर्ज करून परवानगी मिळाल्यावर आम्ही ते ब्लॉक काढले. आमच्याकडची जमीन काळी, पावसाळ्यात चिकट होणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी, त्यामुळे नुसती वाळू ओतली असती तर पहिल्याच पावसात तिचा चिखल झाला असता. म्हणून आधी खोदून पाणी निघून जाण्यासाठी उतार दिला, मुरूम आणि खडीचा थर टाकला आणि त्यावर सुमारे फूटभर जाडीची धुतलेली वाळू पसरली. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, स्वस्त पडते, असे काहींनी सुचवले होते. परंतु तिचे कण टोकदार असल्याने ती दबून घट्ट बसते आणि मग तिचा उपयोग जवळजवळ पेव्हर ब्लॉकइतकाच उरतो. झोक्याच्या कड्या जिथे हुकात घासतात, तिथे त्या निम्म्याहून अधिक झिजल्या होत्या. वरच्या रंगामुळे ते लांबून कळत नव्हते.

घसरगुंडी पत्र्याची आणि पश्चिमेकडे तोंड केलेली होती. नाशिकची हवा थंड म्हणून कितीही वाखाणली गेली, तरी एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि दुपारनंतर त्या पत्र्यावर हातही ठेवता येत नसे. ती उत्तराभिमुख केली आणि पश्चिमेच्या बाजूला करंज व कडुनिंब लावले. कुंपणाची कण्हेर आणि बिट्टी मात्र काढून टाकण्याचा आग्रह धरावा लागला, कारण दोन्ही झाडांचे सर्व भाग विषारी असतात. बिट्टीच्या बियांनी आमची पिढी खेळली हे खरे असले, तरी ती झाडे शिल्लक ठेवायला तेवढे कारण पुरेसे नाही.

मुलांना काय हवे ते विचारावे, ही सूचना एका आजींची होती आणि तीच सर्वांत उपयोगी ठरली. मुलींनी लंगडी आणि खो-खोसाठी सपाट मोकळी जागा मागितली, तर लहानग्यांना पाणी आणि वाळू एवढेच पुरेसे होते. ओपन जिमची मागणी केवळ मोठ्यांची होती. व्यायामाला माझा विरोध नाही. पण मुलांच्या नावाने वर्गणी गोळा करून अर्ध्या जागेत ज्येष्ठांची यंत्रे उभारणे मला पटत नाही आणि बैठकीत ते मी स्पष्टपणे सांगितले. अखेर यंत्रे कुंपणालगत एका रांगेत गेली.

आता खरी कसोटी देखभालीची आहे. वाळू आठवड्यातून एकदा फावड्याने उलटी करावी लागते आणि कुत्र्या-मांजरांनी घाण करू नये म्हणून रात्री तिच्यावर ताडपत्री अंथरावी लागते. त्यासाठी घरटी पाळ्या लावल्या आहेत. मोठ्या मुलांच्या क्रिकेटचा प्रश्न अजून सुटलेला नाही, कारण त्यांचा चेंडू आणि लहानांची वाळू यांची वेळ एकच, संध्याकाळची आहे. पुढच्या बैठकीला त्या मुलांनाच बोलावले आहे.