तीन जणांनी घडवलेली एकटेपणाची कविता

इंग्लंडहून आल्यापासून सहकारी हटकून विचारतात, "मग, इंग्रजी सुधारलं का?" परदेशी इंग्रजी शिक्षकांसाठीचा उन्हाळी अभ्यासक्रम म्हटलं की उच्चार, व्याकरण, अध्यापनपद्धती हेच डोळ्यांसमोर येतं. मी गेले होते तो अभ्यासक्रम निव्वळ साहित्याचा होता. कसं शिकवावं यावर त्यात एकही तास नव्हता. तरीही माझ्या शिकवण्यात त्याने जेवढा फरक पडला, तेवढा दुसऱ्या कुठल्याच प्रशिक्षणाने पडलेला नाही.

वर्गात सगळे शिक्षकच. हंगेरी, पोलंड, जपान, ब्राझील, तुर्कस्तान अशा ठिकाणांहून आलेले. इंग्रजी कुणाचीच मातृभाषा नाही, आणि जन्म इंग्रजी शिकवण्यात गेलेला. अशा माणसांना एक गोष्ट फार क्वचित मिळते: विद्यार्थी होऊन बाकावर बसणं. एरवी आपण कविता वाचतो तेव्हा मनात प्रश्न तयार होत असतात. अवघड शब्द कुठला, उपमा कुठे आहे, याचं रसग्रहण मुलांना कसं लिहायला सांगायचं. तिथे ते ओझं नव्हतं. प्राध्यापकांनी सुरुवातीलाच सांगितलं, "इथे जे वाचाल ते आधी स्वतःसाठी वाचा."

इंग्रज कवी वर्डस्वर्थची डॅफोडिल्सची, म्हणजे वाऱ्यात डोलणाऱ्या पिवळ्या रानफुलांची कविता आम्हा सगळ्यांना तोंडपाठ. पुन्हा तीच कशाला, असं काही चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होतं. पण प्राध्यापकांनी हातात ठेवले दोन कागद. एकावर 1807 साली पहिल्यांदा छापलेली कविता, दुसऱ्यावर 1815 ची. पहिलीत तीनच कडवी! आकाशगंगेतल्या ताऱ्यांचं जे कडवं आपण इतक्या प्रेमाने शिकवतो, ते आठ वर्षांनी भर घातलेलं. मग आला तिसरा कागद: बहीण डोरोथीच्या रोजनिशीतली 15 एप्रिल 1802 ची नोंद. दोघं भाऊबहीण उत्तर इंग्लंडमधल्या अल्सवॉटर तलावाच्या काठाने चालले आहेत, वारा जोराचा आहे. आधी पाण्याजवळ थोडीशी फुलं दिसतात, मग आणखी, मग काठाने लांबवर पसरलेला पट्टाच. काही फुलं दमल्यासारखी शेवाळलेल्या दगडांवर मान टेकून आहेत आणि बाकीची वाऱ्यात झुलत, नाचत आहेत. तलावानेच बिया काठाला आणून सोडल्या असाव्यात, असंही तिच्या मनात येतं.

म्हणजे कवी त्या दिवशी एकटा नव्हता! पोलंडच्या बाई चिडल्याच. पहिल्याच ओळीत एकटं भटकल्याचं सांगतो आणि सोबतच्या बहिणीला गाळून टाकतो, तिचं निरीक्षण मात्र वापरतो, हे त्यांना पटेना. जपानी शिक्षक बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी शेवटचं कडवं हळू आवाजात वाचलं आणि म्हणाले, "एकटेपणा तलावाकाठी नाही, इथे आहे. घरी, कोचावर पडल्यावर." माझ्यासाठी त्या क्षणी कविता उलटी फिरली. फेरफटका घडला 1802 साली, कविता लिहिली गेली 1804 च्या सुमारास. मधल्या काळात फुलं मनात राहिली, आणि कविता त्या राहण्याची आहे. फुलांच्या वर्णनात आपण इतका वेळ घालवतो की शेवटचं कडवं घंटेच्या आधी कसंबसं उरकलं जातं. आणि त्या कडव्यातल्या, मनाच्या डोळ्याला फुलं दिसतात त्या दोन ओळी वर्डस्वर्थच्या नाहीतच. त्याच्या पत्नीने, मेरीने सुचवल्या. त्याने स्वतःच ते सांगितलं आहे, आणि कवितेतल्या सर्वांत चांगल्या ओळी त्याच, असंही. एकटेपणाची एवढी गाजलेली कविता तीन जणांनी घडवली!

हे सगळं वाचून झाल्यावर आम्ही वर्डस्वर्थच्या गावी, ग्रासमिअरला गेलो, आणि हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. तिथल्या डव्ह कॉटेज या घरात ही वर्डस्वर्थ मंडळी 1799 च्या अखेरीपासून 1808 पर्यंत राहिली. खाली दगडी फरशी, लाकडी फळ्यांनी मढवलेल्या भिंती, खिडक्या लहान, त्यामुळे भर दुपारीही अंधार. वरच्या मजल्यावरच्या एका छोट्या खोलीच्या भिंतींना डोरोथीने वर्तमानपत्रं चिकटवली होती, थंडी अडवायला. मी त्या खोलीत सर्वांत जास्त वेळ थांबले. रोजनिशी आधी वाचली नसती तर ती माझ्यासाठी जुन्या घरातली आणखी एक खोली ठरली असती. अल्सवॉटर तलावाकाठी मात्र डॅफोडिल्स नव्हती. जुलै महिना होता, आणि ती रानफुलं मार्च-एप्रिलमध्ये फुलतात. कुणाची तक्रार नव्हती. काठावर उभं राहून आम्ही ती नोंद मोठ्याने वाचली, प्रत्येकाने एकेक वाक्य. शेवाळलेले दगड तेवढे समोर होते.

शेक्सपिअरच्या जन्मगावाबद्दल, स्ट्रॅटफर्डबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. गर्दी खूप, वेळ कमी. लंडनच्या ग्लोब नाट्यगृहाबद्दल मात्र सांगायलाच हवं. शेक्सपिअरच्या काळातलं मूळ नाट्यगृह 1613 साली प्रयोग चालू असतानाच जळालं. आताचं 1997 साली त्या जागेच्या जवळच उभं राहिलं. रंगमंचासमोरच्या उघड्या अंगणात पूर्ण नाटक उभं राहून बघायचं, खाली बसायला परवानगी नाही. नाटक हॅम्लेट. दुपारचा प्रयोग, त्यामुळे नटाला आमचे चेहरे दिसत होते. "मी भित्रा आहे का?" हा प्रश्न त्याने हवेत सोडला नाही. पुढे येऊन, वाकून, आमच्यातल्या एका मुलाकडे बघत विचारला आणि थांबला. तो मुलगा गडबडला, आजूबाजूला बघू लागला. ते स्वगत मी आजवर स्वतःशी चाललेलं बोलणं म्हणून वाचत आले होते. आता ते वर्गात घेताना मी एका मुलाला समोर उभं करते आणि दुसऱ्याला त्याच्याकडे बघून प्रश्न विचारायला लावते.

एका संध्याकाळी विषय निघाला, शेक्सपिअर आपापल्या भाषेत कसा आला याचा. हंगेरीच्या बाईंनी यानोश अरान्यने केलेलं हॅम्लेट म्हणून दाखवलं. तो त्यांचा मोठा कवी. मी आगरकरांच्या 1883 सालच्या 'विकारविलसित'बद्दल, म्हणजे मराठी हॅम्लेटबद्दल सांगितलं आणि 'झुंझारराव' म्हणजे देवलांनी मराठीत आणलेला ऑथेल्लो, हेही. अर्थ कुणालाच कळत नसताना सगळे कान देऊन ऐकत होते. ती संध्याकाळ वेळापत्रकात नव्हती.

कुणी असा अभ्यासक्रम शोधत असेल तर सहलींची यादी बघण्याआधी वाचनाची यादी मागवा. थोड्या आठवड्यांत डझनभर लेखक 'करून' देणारे कार्यक्रम मला तरी नको वाटतात. तीन-चारच लेखक असतील, चर्चेला रोज भरपूर वेळ असेल आणि वर्ग छोटा असेल, तर अर्ज जरूर करा. सहा महिन्यांपर्यंतचा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेत असेल तर ब्रिटनचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा चालतो, पण संस्थेची मान्यता आधी तपासा आणि प्रवेशाचं पत्र वेळेत मागून घ्या. यादीतली पुस्तकं जाण्यापूर्वी एकदा पूर्ण वाचून ठेवा. तिथे दुसरं वाचन सुरू होतं, पहिल्याला वेळ मिळत नाही.