तुम्ही विचारलंत म्हणून: थंडीत गळाला मासा का लागत नाही?

कृष्णा, नीरा, भीमेच्या काठी गळ टाकायला लागलेले लोक डिसेंबर आला की हमखास विचारतात: दिवाळीपर्यंत ज्या डोहात राहू, मृगळ लागत होते, तिथेच आता सकाळभर बसून एक चावाही का मिळत नाही? मासे गेले कुठे?

मासे तिथेच आहेत, भूक मंदावली आहे. माशाचं अंग पाण्याइतकंच गार किंवा गरम असतं. पाणी १० अंशांनी उतरलं की त्याच्या शरीराचा कारभार साधारण निम्म्यावर येतो आणि खाल्लेलं पचायला दुप्पट वेळ लागतो. राहू-कटला २५ ते ३० अंशांच्या पाण्यात जोमाने चरतात, २० च्या आसपास हात आखडता घेतात. चिलापी त्याहून नाजूक, १६-१७ ला खाणंच टाकते. मरळ गाळात, वेलींच्या मुळाशी पडून राहतो. त्यातल्या त्यात खातो तो सायप्रिनस (कॉमन कार्प), कारण तो मुळात थंड मुलखातला. थंडीत बसायचं तर त्याच्यासाठी बसा, राहू लागला तर वरकड.

मग वेळ. पहाटे जायची सवय उन्हाळ्यातली आहे. रात्री वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, त्यामुळे सकाळी सातला डोह तळापर्यंत सगळ्यात थंड असतो. अकराच्या आधी गळ भिजवू नका. दुपारी दोन ते ऊन कलेपर्यंतचा वेळ खरा. थंडीची लाट आली की पहिले दोन-तीन दिवस घरीच बसलेलं बरं. थंडी स्थिर झाली की मासा तिला सरावतो. मळभ असेल तर रात्र उबदार जाते, आणि असा दुसरा दिवस मला कोरड्या, निरभ्र दिवसापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

जागेबद्दल लोक फार कमी विचार करतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. थंडीत सूर्य दक्षिणेकडून चालतो. नदी पूर्वेकडे वाहत असेल तर दक्षिण काठाची दरड आणि झाडं स्वतःच्याच पाण्यावर सावली धरतात, उत्तर काठाचं पाणी मात्र दिवसभर उन्हात असतं. काळा कातळ पाण्यात उतरलेला असेल तर आणखी चांगलं, तो तापतो. दुसरा फायदा सावलीचा. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीही माणसाची सावली जवळपास त्याच्या उंचीएवढी पडते. उत्तर काठावर ती तुमच्या मागे जमिनीवर पडते, दक्षिण काठावर ती थेट पाण्यात उतरते. पावसाळ्यानंतर पाणी निवळलेलं असतं, आणि हाताची सावली हलली तरी काठचा मासा आत सरकतो.

खळाळात बसू नका. उन्हाळ्यात मासा तिथे श्वासासाठी येतो. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो, २० अंशांना ९ च्या वर. थंडीत तो सगळीकडे पुरेसा मिळतो, मग प्रवाहाशी झुंजून ताकद कोण घालवेल? कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) बसले की वरच्या अंगाला पाणी तुंबतं. तिथला संथ, दोन-तीन मीटर खोल पट्टा बघा. सांडपाण्याचा ओढा मिळतो ती जागा मात्र टाळा, तिथे थंडीतही प्राणवायू उरत नाही.

सामानात एकच सूत्र: सगळं लहान करा. ०.३५ मिलिमीटर जाडीचा तंगूस (गळाचा नायलॉन दोरा) स्वच्छ पाण्यात दिसतो, टोकाला हातभर ०.२० चा बांधा. गळ १० किंवा १२ नंबरचा. नंबर वाढला की गळ बारीक होतो, हे दुकानात लक्षात ठेवा. कणकेची गोळी लिंबाएवढी नको, हरभऱ्याएवढी. एक वाटी कणकेला पाव वाटी भाजून कुटलेली शेंगदाणा पेंड, चिमूटभर हिंग आणि कापसाचे चार तंतू, म्हणजे गोळी गळावरून सुटत नाही. गार पाण्यात ती घट्ट होते, म्हणून पोळीच्या कणकेपेक्षा सैल मळा. खोबरेल तेल घालू नका. ते २४ अंशांखाली थिजतं आणि वास आतच कोंडतो. गांडूळ लावायचं तर अर्धंच. या दिवसांत शेतात मिळत नाही, शेणखताच्या ढिगाखाली मिळतं. मासे जमवायला पाण्यात टाकायचा चारा एक मूठ पुरे. किलोभर कोंडा टाकलात तर मासा त्यावरच तृप्त होतो आणि गळाकडे बघत नाही.

आता चावा. पुष्कळ लोकांना थंडीत मासा लागतो, पण कळत नाही. तो तरंडा (दोऱ्याला बांधलेली, पाण्यावर तरंगणारी खूण) खेचून नेत नाही. मोरपिसाच्या देठाचा बारीक तरंडा घ्या, गळापासून चार बोटांवर छर्र्याएवढं शिसं लावा, आणि खोली अशी जुळवा की शिसं तळाला जेमतेम टेकेल आणि तरंड्याचं बोटभर टोकच वर राहील. माशाने गोळी तोंडात धरून मान वर केली की शिशाचा भार उचलला जातो. मग तरंडा बुडण्याऐवजी वर येतो आणि आडवा पडतो. तोच चावा. मनगटाने हलका हिसका द्या. खांद्यातून ओढलंत तर ०.२० चा तंगूस तुटणार.

एवढं करूनही काही दिवस रिकामे जातील. धरणातून आवर्तन सुटलं किंवा उपशाच्या मोटारींनी पाणी झपाट्याने उतरलं की मासा तोंड मिटतो, तिथे कोणाचा इलाज नाही. पाणी स्थिरावेपर्यंत थांबा. एरवी पाऊण तास हालचाल दिसली नाही तर जागा बदला. थंडीत मासा चाऱ्यामागे फिरत नाही, गळच त्याच्या तोंडाशी न्यावा लागतो, म्हणून दहा पावलांचाही फरक पडतो. दुपारभरात एक-दोन सायप्रिनस मिळाले तर थंडीतला तो चांगला दिवस समजा. महाशिवरात्रीच्या सुमारास पाणी पुन्हा तापू लागेल, तेव्हा ६ नंबरचा गळ आणि मोठी गोळी बाहेर काढा.