अण्णांच्या चेतकचं कॅरिअर

अण्णांच्या 1989 च्या चेतक स्कूटरचं मागचं कॅरिअर मी जानेवारीत खोललं. चारपैकी दोन बोल्ट पान्याने सुटले, तिसरा फिरवताना तुटला आणि चौथा ग्राइंडरने कापावा लागला.

लांबून बघितलं तर कॅरिअर धडधाकट होतं. दुकानातून आणलं तेव्हापासूनच त्यावर प्लास्टिकचा जाड पांढरा थर होता. अण्णांना त्याचं कौतुक होतं, कारण त्यावर बांधलेल्या पेटीला डाग पडत नसे. पण खालच्या बाजूने अंगठ्याने दाबलं की आत कुरकुर वाजायचं. आमचं घर रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या किनाऱ्यापासून पाच मिनिटांवर. एका सांध्याजवळ नखाएवढी चीर पडली होती आणि इतकी वर्षं खारं पाणी तिथूनच आत जात होतं. गेलेलं पाणी प्लास्टिकमुळे वाळत नाही. त्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो प्लास्टिकला वर ढकलतो आणि पाण्याला पुढची वाट करून देतो. ज्या थराने लोखंड राखायचं, त्यानेच ते डोळ्याआड खाऊ दिलं याचं मला खरंच वाईट वाटलं.

‘जाळून टाक, पाच मिनिटांत मोकळं होईल,’ असं दोघातिघांनी सांगितलं. कृपा करून कुणी तसं करू नका. हे प्लास्टिक बहुतेक वेळा पीव्हीसी असतं. ते जळताना हायड्रोजन क्लोराईड वायू निघतो आणि ओलावा मिळाला की त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. ते आपल्या छातीत जातं आणि ज्या लोखंडासाठी खटपट चालली आहे त्यावरही बसतं.

मी कटरने नळीच्या लांबीला सरळ चीर दिली, वर उकळतं पाणी ओतलं आणि मऊ झालेला थर शेवग्याची शेंग सोलावी तसा ओढला. सरळ नळ्यांवरून तो हातहात लांब निघाला आणि काही ठिकाणी खाली नव्यासारखं स्वच्छ लोखंड दिसलं. सांध्यांपाशी मात्र चिकटून बसलेला. तिथे टोकदार पट्टीने खरवडण्यात दोन संध्याकाळी गेल्या. खालच्या आडव्या सळीवर गंजाचे पापुद्रे होते. टोच्या टेकवला तर आरपार गेला. ती सळी कापून वेल्डरकडून नवी बसवून घेतली.

आडव्यातिडव्या जाळीत तारेचा ब्रश पोचत नाही, म्हणून उरलेला गंज विजेवर काढला. प्लास्टिकच्या टबात वीस लिटर पाणी, पाच मोठे चमचे धुण्याचा सोडा. बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरची निगेटिव्ह तार कॅरिअरला, पॉझिटिव्ह एका भंगार लोखंडी पत्र्याला आणि दोन्ही एकमेकांना न लागतील असे पाण्यात. पत्र्याच्या जागी स्टेनलेस स्टील घेऊ नये, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठही नको, क्लोरीन निघतो. या कामात हायड्रोजनचे बुडबुडे येतात, म्हणून टब अंगणात ठेवला आणि तारांना हात लावण्याआधी दर वेळी चार्जर बंद केला. रात्री तपकिरी असलेला गंज सकाळी काळ्या, भुसभुशीत चिखलासारखा झाला होता. ब्रशने निघून गेला.

त्यानंतर मात्र घाई हवी. आमच्या हवेत उघडं लोखंड तासाभरात पिवळं पडू लागतं. धुतलं, फडक्याने पुसलं, सांधे हेअर ड्रायरने सुकवले, पॉलिश पेपर मारला, थिनरने पुसलं आणि दुपारच्या आत एपॉक्सी प्रायमरचा पहिला हात दिला. सांध्यांमध्ये तो आधी बारीक ब्रशने भरून घेतला. दुसरा हात दुसऱ्या दिवशी, त्यावर करड्या इनॅमलचे दोन पातळ हात. नळीच्या सर्वांत खालच्या टोकाला, प्रायमरच्या आधीच, एक छोटं भोकही पाडलं होतं. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट हवी.

पुन्हा प्लास्टिक का नाही, असं आईने विचारलं. रंग उडाला तर दिसतो, म्हणून प्लास्टिक नको, असं मी सांगितलं. तिने कॅरिअरवरून हात फिरवला आणि म्हणाली, “अण्णा फणस इथेच बांधून आणायचे गो.”

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डाव्या सांध्यावर डाळीएवढा तपकिरी ठिपका दिसला. पावसाची उघडीप बघून त्याच दिवशी घासला, सुकवला आणि डबीतल्या उरलेल्या प्रायमरने झाकला.